इंटरव्ह्यूला बसलं की सगळं विसरायला होतं, तयारी नेमकी कशी करायची?

नवी_वाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी गोडाऊनमध्ये स्टॉकचं काम बघते, म्हणजे आलेला माल, गेलेला माल, परत आलेला माल, सिस्टीममधल्या एंट्र्या आणि महिनाअखेरीची जुळवणी. आता प्लॅनिंगच्या पोस्टसाठी एका ठिकाणाहून कॉल आलाय, पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. काम मला येतं, त्याबद्दल शंका नाही. पण समोर तिघं बसले की डोकं रिकामं होतं. घरी वहीत प्रश्न-उत्तरं लिहून काढलीयेत, वाचताना वाटतं की हे तर सगळं येतंय आपल्याला, आणि तिथे 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्याच प्रश्नाला मी शिक्षण आणि नोकऱ्यांची यादी म्हणून दाखवते आणि गप्प होते. मग आवाज बारीक होतो, हात गार पडतात, आणि समोरच्यांना हे सगळं दिसतंय या विचाराने अजूनच घाबरायला होतं.

आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? 'बिनधास्त जा', 'पॉझिटिव्ह राहा' हे सगळेच सांगतात, पण उद्या सकाळी उठून मी काय करू ते कुणी सांगत नाही. इथे इंटरव्ह्यू घेणारे कुणी असतील तर त्यांनीही लिहा प्लीज.

रात्रपाळी
अभिनंदन आधी, कॉल आला म्हणजे तुमच्या बायोडेटात त्यांना काहीतरी दिसलंय. माझा उपाय सोपा आहे. आत जायच्या आधी एका कोपऱ्यात जाऊन दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती पुढे काढून ताठ उभं राहायचं. व्हिडिओ बघितला होता त्यावर, शरीरातली हार्मोन्स बदलतात म्हणे आणि माणूस धीट होतो.

पॅनलवरून
मी बरीच वर्षं पॅनलवर बसतोय त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने लिहितो. लांबेल पोस्ट, सांभाळून घ्या.

नवी_वाट, तुम्ही जे लिहिलंय ना की वाचताना सगळं येतंय असं वाटतं, गडबड तिथेच आहे. वाचून ओळखीचं वाटणं वेगळं आणि समोर काही नसताना तोंडातून बाहेर काढणं वेगळं. यावर २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिकी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो परत परत वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला, तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मात्र वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुमची वही म्हणजे तो वाचणारा गट आहे.

तर उद्या सकाळी करायचं काय? वही मिटा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, खुर्चीत नीट बसा आणि मोठ्याने बोला, मनातल्या मनात नाही, आवाज निघाला पाहिजे. पहिल्यांदा तुटक येईल, वाक्यं अर्धवट राहतील, हरकत नाही. थांबायचं, परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी वही न बघता परत. आणि वाक्यं पाठ करू नका बरं का, पाठ केलेलं पॅनलला पहिल्या दोन ओळीत कळतं. नजर वरती जाते, आवाज एका सुरात येतो आणि मधे एक शब्द निसटला की पुढची सगळी गाडी अडते. टप्पे लक्षात ठेवा, म्हणजे आधी काय, मग काय, शेवट कुठे. शब्द दर वेळी वेगळे आले तर उत्तमच.

दुसरं म्हणजे प्रश्नांची उत्तरं तयार करू नका, कामातले प्रसंग तयार करा. प्रश्न शेकडो असतात, प्रसंग पाच-सहा पुरतात. अडचण आली आणि सोडवली तो एक, कुणाशी तरी मतभेद झाला आणि काम पुढे नेलं तो एक, वेळ कमी होता तो, काहीतरी फसलं आणि नंतर पद्धत बदलली तो, कुणाला शिकवलं तो. 'दबावाखाली कसं काम करता', 'टीममध्ये वाद झाला तर', 'तुमची सगळ्यात मोठी कामगिरी' हे सगळे प्रश्न फिरून फिरून त्याच पाच-सहा प्रसंगांवर येतात.

मनमोकळी
पॅनलवरून यांना +१. मी समुपदेशन करते, परीक्षा-इंटरव्ह्यूची धास्ती घेतलेले बरेच जण येतात, म्हणून भीतीच्या बाजूने लिहिते.

आधी रात्रपाळी यांनी सांगितलेल्याबद्दल. तो अभ्यास २०१० चा, डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांचा, आणि २०१२ च्या कडींच्या भाषणामुळे जगभर पोचला. पण २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० लोकांवर तोच प्रयोग केला तेव्हा हार्मोन्समध्ये फरक दिसला नाही, आणि २०१६ मध्ये तर कार्नींनी स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही. ताठ उभं राहून बरं वाटत असेल तर जरूर राहा, अपाय काहीच नाही, फक्त त्याच्या भरवशावर जाऊ नका एवढंच.

नवी_वाट, आता तुझं. अगं हात गार पडणं, छातीत धडधडणं हे अ‍ॅड्रिनालिनचं काम आहे, शरीर तुला महत्त्वाच्या गोष्टीसाठी तयार करतंय. ते बंद करायला जाशील तर निम्मी ताकद त्यातच जाईल. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी फार सुंदर प्रयोग केले, लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावलं, भाषण करायला लावलं, गणितं सोडवायला लावली. आधी काहींना म्हणायला सांगितलं 'मी शांत आहे' आणि काहींना 'मी उत्सुक आहे'. उत्सुक म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. कारण धडधड दोन्हीकडे तीच असते, भीतीत पण आणि उत्सुकतेत पण, तिला फक्त नाव वेगळं द्यायचं. बाहेर बसलेली असशील तेव्हा हळू आवाजात म्हण, मला हे सांगायची उत्सुकता आहे. खोटं वाटलं तरी म्हण.

आणि श्वास. नाकाने घे, वरून अजून थोडासा घे, आणि तोंडाने सावकाश, घेतला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लावून सोड. सोडताना हृदयाचा वेग खाली येतो, म्हणून सोडण्यावर भर. २०२३ मध्ये यावर अभ्यास झालाय, रोज पाच मिनिटं महिनाभर करणाऱ्यांचा मूड सुधारलेला दिसला. आजपासून रोज कर, फक्त त्याच दिवशी बाहेर बसून पहिल्यांदा करायला गेलीस तर श्वासाकडेच लक्ष लागून राहील.

राहिलं समोरच्यांना दिसण्याचं. ते तुला वाटतं त्याच्यापेक्षा खूप कमी दिसतं. सावित्स्की आणि गिलोविच या दोघांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांवर हे तपासलं. बोलणाऱ्याला वाटत होतं माझी घबराट सगळ्यांना दिसतेय, ऐकणाऱ्यांना ती बरीच कमी दिसत होती. त्याहून कामाचं म्हणजे, काही जणांना बोलायच्या आधी नुसतं एवढं समजावून सांगितलं की तुमची धास्ती बाहेर वाटते तितकी दिसत नाही, तर त्यांची भाषणं खरंच चांगली झाली, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही चांगली वाटली. तर तुला हे आता माहीत झालंय, ते घेऊनच जा.

रात्रपाळी
मनमोकळी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. बरं झालं लिहिलंत.

पॅनलवरून
मनमोकळी यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझ्या बाजूने दुजोरा. समोरच्याचे हात गार आहेत का हे आम्ही बघत नाही हो. आम्ही उत्तर ऐकत असतो, कागदावर लिहीत असतो, पुढचा प्रश्न कुणी विचारायचा ते बघत असतो. सुरुवातीला आवाज थोडा कापला तर ते अगदी नेहमीचं आहे, बहुतेकांचा कापतो. लक्षात राहतं ते उत्तरात जीव होता की नव्हता.

दुसरी_इनिंग
मी मुलं लहान असताना काही वर्षं नोकरी सोडली होती आणि नंतर परत सुरुवात केली. मला विचारायचं होतं की गॅपबद्दल विचारलं की कसं बोलायचं, पण आता नोकरी लागलीये त्यामुळे उलट मीच लिहिते काय कामाला आलं ते, नवी_वाटला नाही तर दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

गॅपवर दोन वाक्यं बोलायची आणि तिसरं वाक्य कामावर आणायचं. 'घरच्या जबाबदारीसाठी मी तेव्हा काम थांबवलं होतं, ती जबाबदारी आता कमी झाली आहे. गेल्या वर्षापासून मी परत अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर शिकले आणि एका ओळखीच्यांच्या व्यवसायाची बिलं आणि रिटर्न्स मी बघते.' बस. सुरात माफी नको. आपण गॅपबद्दल जितकं लांबण लावतो तितकं समोरच्यालाही वाटायला लागतं की इथे काहीतरी आहे. आणि हे तिसरं वाक्य आकाशातून पडत नाही, त्यासाठी आधी काहीतरी खरंखुरं केलेलं लागतं, छोटं असलं तरी चालतं.

आणखी एक, मला 'जमेपर्यंत जमल्याचं नाटक करा' हा सल्ला खूप जणांनी दिला होता. मला तो अजिबात पटत नाही. नाटक सांभाळायलाच निम्मं लक्ष जातं, आणि दुसरा उपप्रश्न आला की ते उघडं पडतं. येत नाही ते येत नाही म्हणून सांगितलं की उरलेल्या सगळ्यावर समोरच्याचा विश्वास बसतो.

नवी_वाट
बापरे किती छान उत्तरं, खरंच मनापासून धन्यवाद सगळ्यांना. काल रात्रीच रेकॉर्डिंग करून बघितलं. ऐकवत नव्हतं सुरुवातीला पण एक कळलं की मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'वगैरे' म्हणतेय. दोन प्रश्न आहेत. एक, उत्तर येतच नसेल तर काय म्हणायचं? 'माहीत नाही' म्हटलं तर नापास होणार असं वाटतं. दोन, विचार करायला थांबले तर ती शांतता भयंकर वाटते, त्या भीतीने मी काहीही बोलायला सुरुवात करते.

पॅनलवरून
शांततेचं आधी, कारण मला वाटतं निम्मे लोक इथेच स्वतःचं नुकसान करून घेतात.

गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत मधे किती वेळ जातो माहितीये? २००९ मध्ये जगातल्या १० भाषांवर अभ्यास झाला होता आणि साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास आकडा येतो, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढ्या वेगाची आपल्या कानाला सवय असते, म्हणून तीन सेकंद थांबलं की आपल्याला ते युगासारखं वाटतं. पण इंटरव्ह्यू म्हणजे गप्पा नाहीत, इथे प्रश्न कठीण असतो हे आम्हालाही माहीत असतं. तीन-चार सेकंद थांबणारा माणूस मला विचार करून बोलणारा वाटतो. हवं तर सांगून थांबा, 'एक मिनिट, योग्य उदाहरण आठवते'. हे एक वाक्य म्हटलं की शांतता तुमची होते, तुम्ही ती मागून घेतलेली असते. हेही मोठ्याने बोलून सराव करा, खरंच सांगतो, थांबण्याचा पण सराव लागतो. रेकॉर्डिंग लावा, प्रश्न वाचा, मनात चार आकडे मोजा आणि मग तोंड उघडा.

आता माहीत नसण्याबद्दल. नुसतं 'माहीत नाही' म्हणून थांबलात तर दार बंद होतं, आणि माहीत नसताना ठोकून दिलंत तर त्याहून वाईट, कारण प्रश्न विचारणाऱ्याला त्याचं उत्तर बहुतेक वेळा माहीत असतं. मधला रस्ता असा की काय येत नाही ते स्पष्ट सांगायचं, त्याच्या शेजारचं काय येतं ते सांगायचं, आणि वेळ आली तर तुम्ही कसं शोधाल ते सांगायचं. तुमच्याच कामातलं घ्या. समजा त्यांनी विचारलं की मागणीचा अंदाज काढायला तुम्ही कुठलं मॉडेल वापराल. 'अंदाजाची मॉडेल्स मी स्वतः वापरलेली नाहीत. पण कुठला माल कुठल्या महिन्यात जास्त हलतो याचा तक्ता मी एक्सेलमध्ये ठेवते आणि त्यावरून कमीत कमी किती स्टॉक हवा ते ठरवते. मॉडेलची सुरुवात करायची झाली तर त्या जुन्या आकड्यांपासून करेन.' हे उत्तर ऐकून मी तुम्हाला नापास करणार नाही, उलट मी त्या तक्त्याबद्दल विचारायला लागेन आणि गाडी तुमच्या रस्त्यावर येईल.

आकडेमोड
मध्येच येतोय, थोडा वेगळा मुद्दा. बऱ्याच जणांना एकदा नकार आला की आपण नालायकच आहोत असं वाटायला लागतं, त्यांच्यासाठी.

इंटरव्ह्यूवरून माणूस पुढे कामात कसा निघेल हे कितपत कळतं यावर शंभरेक वर्षं संशोधन चाललंय. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी तोवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. ज्या इंटरव्ह्यूत सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न आणि ठरलेले निकष असतात त्याचा पुढच्या कामाशी असलेला संबंध ०.५१ आला, आणि जिथे मनाला येईल ते विचारतात तिथे ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशोब दुरुस्त करून मांडला तर ठरलेल्या प्रश्नांचा ०.४२ आणि मोकाट गप्पांचा जेमतेम ०.१९. १ म्हणजे पक्कं जुळणारं आणि ० म्हणजे काहीच संबंध नाही असं धरा. म्हणजे उत्तम पद्धतीने घेतलेला इंटरव्ह्यू सुद्धा बऱ्याच अंतराने चुकतो, आणि वाऱ्यावर घेतलेला तर जवळपास अंधारातच चालतो. त्यामुळे नकार आला तर तो त्या दिवसाचा, त्या खोलीचा निर्णय आहे, तुमच्या लायकीचा दाखला नाही.

डोकं खाजवायला लावणारी कोडी विचारायची जी फॅशन होती, विमानात किती चेंडू मावतील टाईप, ती निव्वळ वेळेची नासाडी आहे असं गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. एडिसन तर १९२१ च्या सुमारास उमेदवारांना शंभरावर सामान्यज्ञानाचे प्रश्न घालायचा आणि ते वर्तमानपत्रात छापून आल्यावर केवढा गदारोळ झाला होता. वाईट पद्धतीने निवड करणं ही जुनी गोष्ट आहे.

रात्रपाळी
मग तयारी करून उपयोग काय? नशिबावरच सोडायचं ना सगळं?

आकडेमोड
नाही नाही, उलट. ठरलेल्या प्रश्नांचे जे इंटरव्ह्यू असतात त्यात बहुतेक वेळा 'असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा...' अशीच सुरुवात असते, आणि पॅनलवरून म्हणतायत तसे प्रसंग तयार असले की तिथे थेट मार्क मिळतात. आणि जिथे मोकाट गप्पा आहेत तिथे तुमचा ठोस प्रसंगच गप्पांना कामाकडे ओढतो. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं नीट करायचं.

मनमोकळी
आकडेमोड, छान लिहिलंत. नकारानंतर माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बाहेर आल्यावर त्याच दिवशी विचारलेले प्रश्न जसे आठवतील तसे लिहून काढा, मी कशी दिसले काय वाटलं असेल ते नाही, फक्त प्रश्न. पुढच्या वेळेची निम्मी तयारी त्या कागदावर असते.

दुसरी_इनिंग
नवी_वाट, कमकुवत बाजू कोणती हा प्रश्न हमखास येतो, त्याचा विचार केलास का? 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' असलं नको गं, ते इतक्यांनी म्हणून झालंय की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. खरी पण कामाच्या गाभ्याला न लागणारी बाजू सांग आणि तू त्यावर काय करतेस ते सांग. पगाराचं विचारलं तर आधी त्या पोस्टला साधारण काय मिळतं ते शोधून ठेव, आकडा नको, पट्टा सांग, आणि सांगून गप्प बस, आपणच लगेच 'पण थोडं कमी जास्त चालेल' म्हणायचं नाही.

आणि व्हिडिओवर असेल तर नजर स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे जाते, ती कॅमेऱ्याकडे हवी, निदान बोलताना. स्वतःचं चौकोनी चित्र दिसत राहतं ते झाकता आलं तर झाक.

नवी_वाट
माझा समोरासमोर आहे, पण लिहून ठेवते.

आता एक प्रसंग सांगते, तो चालेल का बघा. आमच्याकडे महिनाअखेरीला सिस्टीममधला स्टॉक आणि प्रत्यक्षातला स्टॉक जुळायचा नाही. न जुळणाऱ्या ओळींची दोन-तीन पानं भरायची. सगळे म्हणायचे मोजणाऱ्यांचं लक्ष नसतं. मी काय केलं तर न जुळणारा माल कुठला आहे ते बघत बसले तेव्हा लक्षात आलं की बहुतेक सगळा परत आलेला माल आहे वगैरे. तो संध्याकाळच्या गाडीने येतो आणि एंट्री दुसऱ्या दिवशी सकाळी होते, तोवर तो कुणीतरी उचलून रॅकवर लावलेला असतो. मग आम्ही उतरवायच्या जागेलाच रजिस्टर ठेवलं आणि त्याच शिफ्टमध्ये एंट्री करायला लागलो. आता ती यादी अर्ध्या पानात बसते.

पॅनलवरून
चालेल का काय विचारताय! हा प्रसंग तुम्ही 'स्वतःबद्दल सांगा' मध्येच घ्या.

फक्त त्याचा क्रम बघू. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय काम होतं, तुम्ही काय केलंत, त्यातून काय निघालं, हे चार टप्पे. तुमच्याकडे चारही आहेत. पण एक गोष्ट खटकते. 'आम्ही रजिस्टर ठेवलं', 'आम्ही करायला लागलो'. कारण तुम्ही शोधलंत ना? मग रजिस्टर ठेवायची कल्पना कुणाची होती? पॅनलवर बसून मला 'आम्ही' ऐकू आलं की मला कळत नाही की हा माणूस त्यात होता की नुसता शेजारी उभा होता. टीमने केलं ते टीमचं म्हणा, तुम्ही केलं ते 'मी' म्हणा. यात बढाई नाही काही, ती माहिती आहे आणि तीच आम्हाला हवी असते.

आणि 'मोजणाऱ्यांचं लक्ष नसतं' हे सगळे म्हणत असताना तुम्ही मालाचा प्रकार बघायला बसलात, हा त्यातला सगळ्यात मोठा तुकडा आहे. प्लॅनिंगला हेच डोकं लागतं. तिथे घाई करू नका.

नवी_वाट
कल्पना माझीच होती. सुपरवायझरना पटवायला वेळ लागला, कारण संध्याकाळच्या शिफ्टवर काम वाढणार होतं. बरं, आता लिहिते आणि मग न बघता बोलून बघते:

'मी स्टॉकचं काम बघते. आवक, जावक, परतीचा माल आणि महिनाअखेरीची जुळवणी माझ्याकडे असते. माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी कशी काम करते ते कळेल. आमच्याकडे दर महिन्याला न जुळणाऱ्या ओळींची दोन-तीन पानं यायची आणि सगळ्यांना वाटायचं मोजताना चुका होतायत. मी त्या यादीतला माल प्रकारानुसार वेगळा केला तेव्हा दिसलं की बहुतेक सगळा परत आलेला माल आहे. तो संध्याकाळी उतरतो आणि सिस्टीमला दुसऱ्या दिवशी चढतो, मधल्या वेळात तो रॅकवर गेलेला असतो. मी उतरवायच्या जागेवर रजिस्टर ठेवून त्याच शिफ्टमध्ये एंट्री करायचं सुचवलं, सुपरवायझरना आधी एका आठवड्यासाठी करून बघू म्हटलं, आणि फरक दिसल्यावर ते कायम झालं. आता यादी अर्ध्या पानाची असते. असं आकड्यांमागचं कारण शोधायचं काम मला आवडतं, आणि ते प्लॅनिंगमध्ये जास्त करता येईल म्हणून मी इथे अर्ज केला. बाकी मला एवढं काही येत नाही पण शिकायची तयारी आहे.'

मनमोकळी
अगं किती सुरेख! वाचतानाच तुझा आवाज ऐकू आला. आणि एकही 'वगैरे' नाही.

दुसरी_इनिंग
शेवटचं वाक्य काढ. आत्ताच्या आत्ता काढ.

पॅनलवरून
दुसरी_इनिंग यांच्याशी सहमत. 'म्हणून मी इथे अर्ज केला' इथे पूर्णविराम द्या आणि थांबा. तिथे शांतता होईल, होऊ द्या, ती भरायची जबाबदारी आता आमची आहे.

'एका आठवड्यासाठी करून बघू म्हटलं' हे नवीन आलं, ते फार चांगलं आहे, ते अजिबात सोडू नका. त्यावरच उपप्रश्न येणार बघा. मी असतो तर विचारलं असतं की संध्याकाळच्या शिफ्टचं काम वाढलं त्याचं काय केलंत, आणि तुम्ही रजेवर असता तेव्हा ते रजिस्टर कोण बघतं. आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं की 'नाही' म्हणू नका, त्यांच्याकडे जुळवणी किती दिवसांनी होते आणि प्लॅनिंगवाले गोडाऊनला किती वेळा जातात हे विचारा, कारण तुम्हाला ते खरंच जाणून घ्यायचंय.

नवी_वाट
शेवटचं वाक्य काढलं. उपप्रश्नांचा विचारच केला नव्हता मी, पण उत्तरं आहेत माझ्याकडे. काम वाढू नये म्हणून रजिस्टरमध्ये फक्त चारच रकाने ठेवले, मालाचा कोड, नग, कुठून परत आला आणि सही, बाकीचं सिस्टीम स्वतः उचलते. आणि मी रजेवर असते तेव्हा संध्याकाळचा शिफ्ट इन्चार्ज बघतो, त्याला मी आधी काही दिवस शेजारी उभं राहून दाखवलं होतं, आणि परत आल्यावर मी पहिल्यांदा रजिस्टरच्या ओळी आणि सिस्टीमच्या ओळी मोजून घेते, दोन्ही आकडे सारखे असले तर पुढे बघायची गरजच पडत नाही.